शिबिरास गेलेली मुले आणि घरी राहिलेली मंडळी

(प्रार्थनासभेसाठी पाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग : निर्गम १७:८-१३, १ शमुवेल ३:१-१८, ईयोब १:१-५, लूक २२:३१-३४, कलस्सैकरांस ४:१२.



मे महिन्याची सुटी लागली म्हणजे आपल्या पुष्कळ मंडळ्यांतून मुले व तरुण ख्रिस्ती शिबिरास जातात. कोणी पाच दिवसांसाठी, कोणी आठवड्यासाठी. आई भाकरी व चटणी बांधून देते, बाप भाड्याचे पैसे मोजून देतो, पाळकसाहेब एस. टी. च्या थांब्यापर्यंत पोहोचवावयास येतात आणि गाडी सुटण्यापूर्वी एक लहानशी प्रार्थना करितात. गाडी दृष्टीआड झाली म्हणजे जो तो आपापल्या कामास लागतो. पूर्वी मूल सुखरूप पोहोचल्याचे पत्र येईपर्यंत आईच्या जिवास घोर असे, आणि त्या घोरानेच ती गुडघे टेकीत असे. आता मोबाइलवर त्याच सायंकाळी निरोप येतो. निरोप आला की चिंता संपते, आणि चिंतेबरोबर पुष्कळदा प्रार्थनाही संपते.

ह्या पाठात आम्हांस एकच गोष्ट सांगावयाची आहे. शिबीर केवळ दूरच्या त्या मंडपात भरते असे नाही. त्याचा अर्धा भाग गावी, आपल्या घरांत व आपल्या मंदिरात भरत असतो. जे घरी राहिले त्यांनी मुलांसाठी व त्यांच्या गटनायकांसाठी नावे घेऊन प्रार्थना करावयाची आहे. आणि जी प्रार्थना करावयाची तिचे उत्तर येईल तेव्हा त्या उत्तरात आपला वाटा उचलण्यासही सिद्ध असावयाचे आहे. गटनायक म्हणजे ज्यांच्या हाती आठ-दहा मुलांचा एकेक गट सोपविलेला असतो ते तरुण बंधू व भगिनी. त्यांस कोणी पुढारी म्हणतात, कोणी ताई-दादा म्हणतात. नाव कोणतेही असो, मुलांच्या मनावर व्यासपीठावरील वक्त्याहून त्यांचाच ठसा अधिक खोल उमटतो.

१. कोल्हापूरच्या भावंडांची गोष्ट

रॉयल वाइल्डर नावाचे मिशनरी १८४६ साली अहमदनगर येथे आले आणि १८५२ साली कोल्हापुरास जाऊन तेथे त्यांनी कार्य आरंभिले. त्यांचा पुत्र रॉबर्ट १८६३ साली कोल्हापुरातच जन्मला. त्याची थोरली बहीण ग्रेस हिचेही बाळपण त्याच शहरात गेले. पुढे हे कुटुंब अमेरिकेस परत गेले व प्रिन्स्टन गावी राहू लागले. रॉबर्ट तेथील कॉलेजात शिकत असता काही विद्यार्थी मित्र त्याच्या घरी प्रार्थनेसाठी जमत, आणि शेजारच्या खोलीत ग्रेस त्यांच्यासाठी प्रार्थना करीत असे. अमेरिकेतील कॉलेजांतून एक हजार तरुण देवाच्या कार्यास निघावेत, अशी मागणी ही भावंडे रात्रीमागून रात्री गुडघे टेकून करीत असत.

१८८६ च्या जुलै महिन्यात सुप्रसिद्ध सुवार्तिक ड्वाइट मूडी ह्यांनी मॅसॅच्युसेट्स प्रांतात माउंट हर्मन येथील आपल्या शाळेत विद्यार्थ्यांचे एक उन्हाळी शिबीर भरविले. अनेक कॉलेजांतून सुमारे अडीचशे तरुण जमले. जवळजवळ चार आठवडे ते एकत्र राहिले, शास्त्र शिकले, खेळले. रॉबर्टही तेथे गेला. ग्रेसला मात्र जाता येत नव्हते, कारण ते शिबीर पुरुष विद्यार्थ्यांचेच होते. ती घरी राहिली. परंतु त्या शिबिरातून शंभर तरुण परदेशी सेवेसाठी पुढे येतील, असा विश्वास तिने भावाजवळ आधीच बोलून दाखविला होता आणि त्यासाठी ती प्रार्थना करीत राहिली.

प्रारंभी तेथे अशा विचाराचे वीस-एकवीस तरुण होते. ते रोज एकत्र प्रार्थना करू लागले. हळूहळू एकेक जण त्यांस येऊन मिळाला. शिबीर संपत आले तेव्हा त्यांची संख्या नव्याण्णव झाली होती. निरोपाच्या प्रार्थनेसाठी ते गुडघे टेकून बसले असता आणखी एक जण आत आला व त्यांच्याजवळ टेकला, आणि शंभर पुरे झाले. त्या शंभरांत जॉन मॉट हे होते. त्यांनी पुढे जगभरच्या विद्यार्थ्यांत कार्य केले व १९४६ साली त्यांस नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. रॉबर्ट व त्याचा एक सोबती पुढील वर्षभर कॉलेजांतून फिरले, तेव्हा दोन हजारांहून अधिक तरुण-तरुणींनी आपली नावे दिली. भावंडांनी मागितले होते एक हजार.

ही गोष्ट आम्ही संख्येसाठी सांगत नाही. आपल्या तालुक्याच्या शिबिरातून शंभर मिशनरी निघाले पाहिजेत असे आमचे म्हणणे नाही. तिच्यातून तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या. पहिली ही की, प्रार्थना शिबिराच्या दिवशी आरंभली नव्हती. तिची मुळे आदल्या हिवाळ्यात होती. दुसरी ही की, ती मोघम नव्हती. काय मागतो आहो हे मागणारांस ठाऊक होते. तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत मोठी वाटते. १८८७ साली वडिलांच्या मृत्यूनंतर ग्रेस आपल्या आईसह कोल्हापुरास परत आली व सेवा करू लागली. जिने इतर जाण्यासाठी प्रार्थना केली ती स्वतःही गेली.

२. टेकडीवर बसलेले तिघे

निर्गमच्या सतराव्या अध्यायात रफीदीम येथील लढाई वाचावयास मिळते. तरुण यहोशवा खाली मैदानात अमालेकाशी झुंजत आहे आणि वृद्ध मोशे टेकडीच्या माथ्यावर हात वर करून उभा आहे. हात वर असतात तोवर इस्राएलाची सरशी होते. हात खाली आले की अमालेक प्रबळ होतो. मोशेचे हात जड होतात. तेव्हा अहरोन व हूर त्याला बसावयास धोंडा देतात आणि दोन बाजूंनी त्याचे हात धरून ठेवतात. सूर्य मावळेपर्यंत ते हात ढळत नाहीत.

उपदेशक बंधूंनी येथे मंडळीस विचारावे की, यहोशवाला वरील तिघे दिसत होते काय? धुळीत व गर्दीत बहुधा दिसत नसतील. तरी जय कोठून येत होता, हे शास्त्र आपणांस सांगते. आपला मुलगा किंवा मुलगी शिबिरात मोहाशी, भीतीशी, किंवा आपल्या हट्टी मनाशी झुंजत असेल तेव्हा आपण त्याच्या दृष्टीस पडणार नाही. आपण रानात भुईमूग काढीत असू, चुलीपाशी असू, किंवा मजुरीवर असू. तरी तेथूनच हात वर करावयाचे आहेत. एकट्याचे हात जड होतात, म्हणून दोघातिघांनी मिळून करावयाचे आहेत. एपफ्रास पौलाजवळ दूर देशी होता, तरी आपल्या कलस्सै गावच्या मंडळीसाठी तो प्रार्थनेत कष्ट करीत असे. अंतराने प्रार्थना क्षीण होत नाही, आळसाने होते.

३. शिबिरार्थींसाठी काय मागावे

ईयोबाला सात पुत्र व तीन कन्या होत्या. मुले घराबाहेर मेजवानीस जमत, तेव्हा तो पहाटे उठून प्रत्येकासाठी वेगळे होमार्पण करीत असे. सर्वांसाठी मिळून एक, असे त्याने केले नाही. ह्यावरून आपण शिकावे की, "आमच्या मुलांस आशीर्वाद दे" एवढ्यावर थांबू नये. एकेकाचे नाव घ्यावे व त्याला काय उणे आहे ते देवास सांगावे.

खेड्यातील मूल प्रथमच शहरातील मुलांत जाते तेव्हा त्याला आपल्या कपड्यांची, आपल्या बोलीची लाज वाटते. कोणी हसले तर ते मनाने मिटून जाते, आणि मग उत्तमात उत्तम उपदेशही त्याच्या कानांवरून जातो. त्या मुलास पहिल्याच दिवशी एक मित्र मिळावा, असे मागावे. एखादे मूल घरच्या आठवणीने रात्री रडते. त्याला धीर मिळावा, असे मागावे. विहीर, तळे, डोंगरकडा, ऊन, पाणी व अन्न ह्यांपासून इजा होऊ नये, असेही मागावे. कारण देहाची काळजी देवाला लहान वाटत नाही.

मुख्य मागणी मात्र शमुवेलाच्या गोष्टीत आहे. देवाने त्या बालकास हाक मारली, परंतु ती कोणाची हे त्याला कळले नाही. तीन वेळा तो उठून एलीकडे धावला. आपल्या मुलांसही अनेक हाका ऐकू येतात. सोबत्यांची हाक असते, गाण्याच्या भराची हाक असते, सर्व पुढे गेले म्हणून आपणही जावे अशी हाक असते. ह्या सर्वांतून प्रभूची हाक त्यांस ओळखता यावी, आणि जे उत्तर ते देतील ते मनापासूनचे असावे, असे मागावे. किती मुलांनी हात वर केले हे मोजण्याची घाई आपण करू नये. जो हात धाकाने वर झाला तो घरी येईपर्यंत खाली येतो. जो निर्णय हळू पण खरा झाला तो टिकतो. म्हणून मुलांवर कोणी दडपण आणू नये, हेही आपल्या प्रार्थनेत असावे.

४. गटनायकांसाठी काय मागावे

मुलांसाठी प्रार्थना करणारे पुष्कळ भेटतात. गटनायकांसाठी करणारे थोडे. ते स्वतः बहुधा वीस-बावीस वर्षांचे असतात. कोणी परीक्षा देऊन थेट येतो, कोणी नोकरीतून रजा काढून येतो. पहाटे मुलांच्या आधी उठावयाचे व रात्री मुले निजल्यावर निजावयाचे. तिसऱ्या दिवशी अंग थकते, आवाज बसतो, आणि एखाद्या खोडकर मुलावर रागाचा एक शब्द सुटून जातो. तो शब्द ते मूल वर्षानुवर्षे विसरत नाही. म्हणून त्यांस झोप मिळावी, धीर मिळावा, जीभ आवरण्याची कृपा मिळावी आणि चुकल्यास मुलाजवळ क्षमा मागण्याइतकी नम्रता मिळावी, असे मागावे.

एलीकडे पाहावे. तो दोषरहित नव्हता. तरी त्या रात्री त्याने एक गोष्ट योग्य केली. मूल आपल्याकडे धावत आले असता त्याने त्याला आपल्याशी बांधून ठेवले नाही. बोलावणारा परमेश्वर आहे हे ओळखून त्याला परत पाठविले व उत्तर कसे द्यावे ते शिकविले. गटनायकाचे काम हेच आहे. हुशार, गोड बोलणाऱ्या मुलांस जवळ करून बाकीच्यांस विसरावे, किंवा मुलांनी आपलेच कौतुक करावे, असा मोह त्याला होतो. त्याने मुलांस आपल्याकडे न ओढता प्रभूकडे पाठवावे, अशी प्रार्थना करावी.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्ही आपले कर्तव्य समजतो. प्रार्थना ही जागरूकतेच्या बदली नाही. आईबापांनी व मंडळीच्या वडिलांनी विचारावे की, मुलींच्या निवासावर स्त्रिया आहेत काय? कोणी एकटा मोठा मनुष्य एकट्या मुलाबरोबर बंद दाराआड राहत नाही ना? आजारी पडल्यास डॉक्टर कोठे आहे? पोहावयास नेतात तेव्हा पोहणारे मोठे माणूस पाण्याशी असते काय? मुलास काही खटकले तर ते कोणाजवळ सांगेल? असे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. चांगले चालक ह्या प्रश्नांचे आनंदाने उत्तर देतात. आणि मुलाने घरी येऊन काही वाईट सांगितले तर त्यास गप्प न बसविता त्याचे ऐकावे.

५. परत आल्यावर

आता आम्ही आमच्याच मंडळीतील एक गोष्ट सांगतो. ती सांगताना आम्हांस संकोच वाटतो. एका वर्षी आमच्या गावाहून चार मुले शिबिरास गेली. देवाने त्यांची मने बदलावी अशी प्रार्थना आम्ही केली होती. त्यांतील बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा परत आल्यावर पहिल्याच रविवारी उपासनेच्या शेवटी उठून उभा राहिला. घरोघरच्या मुठीच्या धान्याचे जे पैसे मंदिराच्या पेटीत ठेविलेले होते, त्यांतून आपण काही पैसे घेतले होते, असे त्याने सर्वांसमक्ष सांगितले, आणि हळूहळू फेडीन असे म्हटले. क्षणभर शांतता झाली. मग मागे कोणी हसले. बापाची मान खाली गेली. त्याने मुलाचा हात धरून त्याला बाहेर नेले, आणि बाहेर काय झाले ते आम्हां सर्वांस ऐकू आले. आम्ही त्या सभेत होतो. आम्ही उठलो नाही. तो मुलगा त्यानंतर मंदिरात येत राहिला खरा, परंतु पुन्हा कधी उभा राहून बोलला नाही.

आम्ही ह्या गोष्टीचा पुष्कळ विचार केला आहे. आमची प्रार्थना देवाने ऐकली नाही काय? ऐकली होती. उत्तर आमच्यासमोर उभे होते, आणि आम्हांसच ते झेपले नाही. मुलाने बदलावे असे आम्ही मागितले होते. बदललेल्या मुलास स्वीकारण्याइतके आम्ही बदलावे असे मागितले नव्हते.

शमुवेलाची गोष्ट दहाव्या वचनाशी संपत नाही. म्हणून आम्ही अठराव्या वचनापर्यंत वाचावयास सांगितले आहे. सकाळी त्या बालकाजवळ जो निरोप होता तो एलीच्या घराविरुद्धच होता. मूल सांगावयास भीत होते. एलीने त्याला गप्प केले नाही, मारले नाही. काही लपवू नको असे बजावून सर्व ऐकून घेतले आणि हे परमेश्वराकडून आहे असे म्हणून मान्य केले. वृद्ध एलीने जे केले ते आम्हांस त्या रविवारी करता आले नाही.

शिबिराहून आलेले मूल कदाचित म्हणेल की, बाबा, आपण रात्री जेवणापूर्वी मिळून प्रार्थना करू या. कदाचित म्हणेल की, घरात दारू नको. कदाचित शेजारच्या घराशी असलेल्या जुन्या वैराविषयी विचारील. अशा वेळी "शिबीर संपले, आता कामास लाग" असे उत्तर आपण देणार काय? दोन आठवड्यांनी त्याचा उत्साह ओसरेल, ते चुकेल, खोटे बोलेल, तेव्हा "हेच का तुझे शिबीर?" असे हिणवणार काय? प्रभूने शिमोनासाठी प्रार्थना केली ती तो चाळणीत पडणार हे जाणून केली. आणि तो पडल्यावर पुन्हा उठेल व भावांस बळ देईल, हेही धरून केली. आपली प्रार्थनाही मुलाच्या पहिल्या चुकीनंतर बंद पडणारी नसावी.

६. आठवड्याचा क्रम

ज्या गावी उपदेशक महिन्यातून एकदाच येतात तेथेही हा क्रम पाळता येईल. मुलांची व गटनायकांची नावे मंदिराच्या फळ्यावर लिहावीत. ज्यांस वाचता येत नाही त्यांनी प्रत्येकी एकच नाव पाठ करून घ्यावे.

रविवारी, निघण्यापूर्वी : मुलांस पुढे बोलावून नावे घ्यावीत; प्रत्येक नावासाठी एका कुटुंबाने जबाबदारी घ्यावी.

सोमवारी : प्रवास, निवास, अन्न, आरोग्य.

मंगळवारी : लाजरी, एकटी पडलेली व घरची आठवण येणारी मुले.

बुधवारी : गटनायक, ह्या दिवसापर्यंत ते थकलेले असतात.

गुरुवारी : देवाचे वचन ऐकणे व समजणे.

शुक्रवारी : मुलांचे निर्णय; ते खरे व मोकळ्या मनाचे असावेत.

शनिवारी : स्वयंपाक करणारे, पाणी भरणारे, रात्री जागणारे, त्यांची नावे कोणी घेत नाही.

रविवारी, परत आल्यावर : ह्या दिवशी प्रथम आपण स्वतःसाठी प्रार्थना करावी, मग मुलांस बोलू द्यावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. यहोशवाच्या जयात अहरोन व हूर ह्यांचा वाटा कोणता?

२. एलीने शमुवेलास मदत केली ती कोणत्या दोन प्रकारे?

३. गेल्या वर्षी शिबिरास गेलेल्या आपल्या मुलांची नावे आपणांस सांगता येतील काय? त्यांस त्यानंतर कोणी भेटले काय?

४. एखादे मूल परत येऊन आपला अपराध कबूल करील तर आपली मंडळी काय करील? हे आजच ठरवावे.

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, जी मुले आज आमच्या अंगणात नाहीत ती तुझ्या नजरेत आहेत. एकेकास त्याच्या नावाने सांभाळ. त्यांच्या गटनायकांस बळ, विसावा व शुद्ध मन दे. तू मुलांशी बोलशील तेव्हा त्यांस तुझा शब्द ओळखू दे. आणि ती तुझा शब्द घेऊन घरी येतील तेव्हा आमची दारे उघडी असू दे, आमचे हात मारण्यासाठी न उठता कवटाळण्यासाठी उठू दे. ज्या लेकराचे आम्ही पूर्वी ऐकले नाही त्याची आम्हांस आठवण राहू दे, आणि त्याच्याकडे जाऊन क्षमा मागण्याचे धैर्य दे. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.